त्रेचाळीस घरांचा नकाशा

माझी आत्या सरकारी कचेरीत नकाशे काढायची. पद आरेखकाचं, पण कचेरीत तिला सगळे रेघबाई म्हणत, कारण पट्टी न धरताही तिची रेघ सरळ यायची. बोलणंही तसंच, असं आई म्हणायची, आणि ते कौतुकानं म्हणायची असं काही नाही. आत्या बाबांहून चार वर्षांनी मोठी. तिनं लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. मागच्या खोलीत तिचं कलतं टेबल होतं. त्यावर ट्रेसिंग पेपर, शाईच्या बाटल्या आणि चिमट्यानं अडकवलेला दिवा. त्या खोलीत मोठ्यानं बोलायची बंदी होती.

मी लहान असताना तिच्याबरोबर बसनं कुठं जायचं म्हणजे एक शिकवणीच असे. खिडकीची जागा माझी, पण बोट तिचं.

"ही बघ, रस्त्याला धरून पसरलेली वस्ती. घरापुढं रस्ता, घरामागं शेत. हिला पोट नाही, नुसता कणा आहे."

मग पुढचं गाव. "ही पाण्याभोवती बसलेली. थंडीत शेकोटीभोवती बसतात तशी. आणि ते पुढचं, तिठ्यावरचं, तिन्ही वाटांनी हातपाय पसरलेलं, ते वीस वर्षांत शहर होईल बघ."

डोंगरावर एकेक छप्पर सुटं सुटं दिसलं, की मी विचारायची, "आत्या, यांचं एकमेकांशी भांडण आहे का?"

"भांडण कशाचं? ज्याला त्याला आपलं रान आणि आपलं पाणी जवळ हवं. लांब राहतात म्हणजे लांबचे असतात असं नाही गं."

हे वाक्य तिचं स्वतःचं होतं, पण त्याची किंमत तिला पुढं पंधरा वर्षांनी कळली.

तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती. डोंगराच्या कुशीतली एक वस्ती धोक्यात आहे, दरड कधीही खाली येईल, असा तज्ज्ञांचा अहवाल आला. अहवाल खराच होता, हे आधीच सांगते, कारण पुढं पुष्कळांनी तो खोटा म्हणून पाहिला. वस्तीत त्रेचाळीस घरं. ती सगळी खालच्या सपाटीवर, मोठ्या रस्त्याजवळ हलवायची होती. त्यासाठी आधी जुन्या वस्तीची मोजणी करायची आणि मग नव्या वसाहतीचा नकाशा काढायचा. दोन्ही कामं आत्याकडं आली.

मोजणीला ती अकरा दिवस वर राहिली. तिथं तिला वाट दाखवायला एक गवंडी दिला होता. पन्नाशीचा, आडव्या हाडाचा, कमी बोलणारा. वस्तीतली निम्मी घरं त्याच्या हातची. त्याची बायको वस्तीतल्या सुनांत पहिली, म्हणून तिला सगळे थोरली म्हणत. तिची सख्खी बहीण ओढ्याच्या पलीकडं दिली होती, ती धाकटी. दोघींच्या घरांमध्ये ओढा, आणि सरळ मोजलं तर दोनशे दहा फुटांचं अंतर. आत्यानं मोजलं, म्हणून मला आकडा माहीत आहे. रोज सकाळी शेळ्या सोडायच्या वेळी थोरली दारात उभी राहून हाक द्यायची, पलीकडून धाकटी ओ द्यायची. एवढंच. कधी काही निरोप असायचा, बहुतेक वेळा नसायचा.

"रोज काय बोलता एवढं?" आत्यानं थोरलीला विचारलं.

"काही नाही. उठली का नाही ते बघते," थोरली म्हणाली. "ओ आली की झालं. मग मी माझी कामाला मोकळी."

गवंडी मोजफितीचं दुसरं टोक धरून चालायचा. प्रत्येक घर आहे तिथंच का आहे, हे त्याला माहीत होतं. इथं वारा मागून येतो. इथं झरा आहे. हे दोघे चुलतभाऊ, एकमेकांचं तोंड बघत नाहीत, म्हणून मध्ये टेकाड ठेवलंय. त्या म्हातारीला दिसत नाही, म्हणून तिचं दार पुतण्याच्या दारासमोर काढलंय, उजेड दिसला नाही तरी आवाज येतो. आत्या नकाशावर हे सगळं बारीक अक्षरात लिहीत गेली. एकदा गवंडी म्हणाला, "बाई, भिंत काय कुणीही बांधील. शेजार बांधायला डोकं लागतं."

आत्या परत आली ती झपाटल्यासारखी. मी तेव्हा कॉलेजात होते. रोज संध्याकाळी तिच्या खोलीतून शिसपेन्सिलीचा आवाज यायचा. तिनं नव्या जागेसाठी पाच अंगणं काढली. प्रत्येक अंगणाभोवती आठ-नऊ घरं, कोण कुणाजवळ आणि कोण कुणापासून लांब, ते वरच्यासारखं. मागच्या बाजूला शेळ्यांचे गोठे. थोरली आणि धाकटी एका अंगणाच्या समोरासमोरच्या बाजूंना. तिनं तो नकाशा मला दाखवला तेव्हा तिच्या गालाला शाई लागली होती, आणि मी तिला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

साहेबांनी तो नकाशा दोन मिनिटं पाहिला.

"सुरेख आहे," ते म्हणाले. "पण एवढी वळणं कशाला? पाण्याची नळी सरळ जाते, गटार सरळ जातं, विजेची तार सरळ जाते. सहा रांगा, रांगेत आठ. त्रेचाळीस घरं, उरलेल्या पाच जागांत शाळा, दवाखाना वगैरे. घरांचं वाटप चिठ्ठ्या टाकून. म्हणजे कुणी म्हणायला नको की वशिला लावला."

"साहेब, ही माणसं अशी राहिलेली नाहीत."

"मग शिकतील. उद्या सकाळपर्यंत द्या."

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याला पावसाच्या आत माणसं खाली आणायची होती. आत्यानं दुसऱ्या दिवशी सहा रांगा काढून दिल्या. तिची रेघ सरळच होती, त्यामुळं काम सुबक झालं. पाच अंगणांचा कागद तिनं गुंडाळून कपाटावर टाकला. नंतर ती मला म्हणायची, "मी एकदा बोलले. दुसऱ्यांदा बोलले असते तर त्यांनी ऐकलं नसतं, मला ठाऊक आहे. पण मी दुसऱ्यांदा बोलले नाही, हेही ठाऊक आहे."

वस्ती खाली आली. घरं पक्की होती, नळाला पाणी होतं, बस दारात थांबत होती. तरुण मंडळी खूश होती, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण चिठ्ठ्यांनी खेळ केला. एकमेकांचं तोंड न बघणारे चुलतभाऊ एका भिंतीचे वाटेकरी झाले. महिन्याभरात गटारावरून त्यांची डोकी फुटली. आंधळ्या म्हातारीला चौथ्या रांगेत घर मिळालं, पुतण्याला पहिल्या. ती दोनदा चुकून दुसऱ्याच्या घरात शिरली, कारण हाताला सगळी दारं सारखीच लागत. थोरली पहिल्या रांगेच्या या टोकाला, धाकटी सहाव्या रांगेच्या त्या टोकाला. मध्ये चार भिंतींमागं चार भिंती. थोरली पहिल्या दिवशी सवयीनं दारात उभी राहून ओरडली, तेव्हा समोरच्या घरातला माणूस बाहेर येऊन म्हणाला, "काय झालं? कुठं आग लागली?" त्यानंतर तिनं हाक दिली नाही.

आणि शेळ्या. रांगांत गोठ्यांना जागाच नव्हती. पहिल्या वर्षी लोकांनी त्या दाराला बांधल्या. मग शेजाऱ्यांच्या तक्रारी झाल्या, मग दाराला शेळी बांधायची नाही असा नियम निघाला. दुसऱ्या वर्षी काही घरांनी शेळ्या पुन्हा वर नेऊन जुन्या घरांत ठेवल्या. शेळ्या वर म्हणजे कुणीतरी माणूस वर. सकाळी जायचं, संध्याकाळी उतरायचं. पावसाळ्यात वर जायला मनाई होती, पण मनाईचा फलक शेळीला वाचता येत नाही. त्यातच बहिणी पुन्हा एकमेकींना दिसू लागल्या. गवंडी बायकोवर चिडायचा. ती म्हणायची, "शेळ्यांसाठी जाते." दोघांनाही माहीत होतं, ती कशासाठी जाते.

त्या वर्षी सलग पाच दिवस पाऊस कोसळत होता. सहाव्या दिवशी उघडलं, म्हणून पाचजण वर गेले. सकाळी आठच्या सुमाराला डोंगराचा एक अख्खा कडा सुटला. तिघे धावत खाली आले. दोघी आल्या नाहीत.

कचेरीत फोन आला तो असा, की जुन्या वस्तीचा मोजणीचा नकाशा पाठवा. आत्यानं नकाशा पाठवला नाही. ती स्वतः तो घेऊन जीपमध्ये बसली.

वर काय दिसलं, हे तिनं मला एकदाच सांगितलं. तिथं काही नव्हतं. ओढा नव्हता, वाट नव्हती, टेकाड नव्हतं. लाल चिखलाचा एक उतार, आणि त्यावर तीस-चाळीस माणसं फावडी, पहारी घेऊन एका ठिकाणी खणत होती. गवंडी त्यांच्यात होता. स्वतःच्या हातानं बांधलेलं घर, आणि ते कुठं होतं हेच त्याला कळत नव्हतं. तो दहा पावलं चालायचा, थांबायचा, परत यायचा आणि म्हणायचा, "इथंच. नाही, इथं."

आत्यानं दोन खुणा शोधल्या. वरच्या अंगाला तिनं मोजणीच्या वेळी रंग लावलेला खडक अजून जागेवर होता, आणि खाली दगडी हौदाची एक कड उघडी होती. दोन्हीपासून फीत धरून तिनं जागा काढली. लोक जिथं खणत होते, तिथून थोरलीचं घर साठ फूट बाजूला होतं.

"इथं एक घर," तिनं हौदाच्या वरच्या अंगाला काठी रोवली. "आणि तिकडं दुसरं." धाकटीच्या घराच्या जागेवर दुसरी काठी.

माणसं तेवढीच होती. ती दोन्हीकडं विभागायची, की एका जागी लावायची? सगळे गवंड्याकडं बघू लागले. तो आत्याकडं बघत होता.

"चिखल कुठं कमी आहे?" त्यानं विचारलं.

"पलीकडं," आत्या म्हणाली. "धाकटीच्या घरावर."

फावडं उचलून तो धाकटीच्या काठीकडं चालू लागला, आणि सगळे त्याच्यामागं गेले. दुपारी एक वाजता गोठ्याच्या वाशाखाली धाकटी सापडली. जिवंत होती, एक पाय मोडला होता. मग सगळे इकडच्या काठीकडं वळले. थोरली चार वाजता सापडली. डॉक्टर म्हणाले, ती पहिल्या काही मिनिटांतच गेली असणार, आधी खणलं असतं तरी उपयोग नव्हता. ते खरं होतं की गवंड्यासाठी म्हटलेलं होतं, हे आत्याला कधी कळलं नाही.

ती घरी आली आणि दोन दिवस उठली नाही. आईनं जेवणाचं ताट आत नेलं, तसंच परत आणलं. तिसऱ्या दिवशी ती आंघोळ करून, लांब रजेचा अर्ज लिहून, वाटपाच्या आदेशाची फाईल काखेत मारून निघाली. बाबा म्हणाले, "आता जाऊन काय करणार आहेस? गेलेलं माणूस येणार आहे का?"

"नाही," ती म्हणाली. "पण राहिलेली अजून रांगेत आहेत."

त्या आदेशात एक कलम होतं. दोन्ही कुटुंबांची लेखी संमती असेल तर घरांची अदलाबदल करता येईल. कुणी वाचलं नव्हतं, कारण आदेश कोण वाचतं! आत्या वसाहतीतल्या शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून बसली. समोर पाच अंगणांचा जुना कागद आणि सहा रांगांचा नकाशा. रांगा काही हलवता येणार नव्हत्या. पण आत राहणारी माणसं हलवता येत होती.

पहिले तीन दिवस कुणी फिरकलं नाही. एक बाई जाता जाता म्हणून गेली, "आमचं वाटोळं करून आता अर्ज भरून घेताय होय?" आत्यानं मान खाली घातली, पण उठली नाही. चौथ्या दिवशी आंधळी म्हातारी काठी टेकत आली.

"पुतण्याच्या शेजारी जायचंय," ती म्हणाली. "आणि कोण शेजारी नको ते विचारू नका, यादी मोठी आहे."

व्हरांड्यात पहिल्यांदा कुणीतरी हसलं. मग लोक येऊ लागले. काम सोपं नव्हतं. याला त्याचं घर हवं, त्याला तिसऱ्याचं, तिसऱ्याला चौथ्याचं, आणि चौथा अडून बसलेला. रस्त्याकडच्या कोपऱ्यातल्या माणसानं तिथं दुकान थाटलं होतं, तो जागचा हलेना, त्यामुळं सहा अर्ज अडकले. आत्या त्याच्याकडं नऊ वेळा गेली. दहाव्या वेळी तो म्हणाला, "बाई, तुम्ही माझा पिच्छा सोडणार नाही." आणि घर बदललं, दुकान मात्र तिथंच ठेवलं. पाच आठवड्यांत एकोणतीस घरं बदलली. पाठीला पाठ लावलेल्या दोन रांगांतल्या लोकांनी मग आपापल्या मागच्या चिंचोळ्या परसांच्या भिंती पाडल्या. दोन रांगांच्या मध्ये लांबट अंगण झालं, आणि त्यात शेळ्या परत आल्या. ते अंगण आत्याच्या कागदावरच्यासारखं सुंदर नव्हतं. वाकडंतिकडं होतं, अर्ध्या भागात पाणी साचायचं.

गवंडी व्हरांड्यात आला नाही. धाकटीनं त्याच्या शेजारच्या घरासाठी अर्ज केला. पाय प्लास्टरमध्ये, नवऱ्याच्या आधारानं उभी. "थोरली नाही, पण भावजींचं कोण बघणार?" एवढंच म्हणाली. त्या अदलाबदलीला गवंड्याच्या संमतीची गरज नव्हती, तरी आत्या त्याला सांगायला गेली. तो दारात बसून थापी घासत होता.

"नकाशा तुमचा होता ना?" त्यानं विचारलं. "या रांगांचा?"

"माझा."

"मी तुम्हाला एकेक घर दाखवलं होतं. ते तिथंच का, हे सांगितलं होतं."

"हो. सगळं लिहून घेतलं होतं मी."

"मग?"

आत्याजवळ सांगायला साहेब होते, पावसाची घाई होती, नळी होती, गटार होतं. तिनं त्यातलं काहीच सांगितलं नाही. "मग मी गप्प बसले," ती म्हणाली.

त्यानं थापी बाजूला ठेवली. "तुमच्यावर राग आहे," तो म्हणाला. "तो जायचा नाही. खोटं कशाला बोलू? पण दारात आलात, तर चहा घेऊन जा."

ती बसली. दोघांनी चहा घेतला.

कचेरीनं मात्र एवढ्यावर सोडलं नाही. मंजूर नकाशात फेरफार घडवून आणला, सरकारी भिंती पाडायला लोकांना उत्तेजन दिलं, खुलासा करा, अशी नोटीस आली. बाबांनी चार पानी खुलासा लिहून दिला, त्यात अंगणांची उपयुक्तता, सामाजिक सलोखा, असं बरंच काही होतं. आत्यानं तो बाजूला ठेवला आणि स्वतः दोन ओळी लिहिल्या: "मूळ नकाशात चूक होती. तो मी काढला होता." आई कपाळावर हात मारून म्हणाली, "यांची रेघ कधी वाकायची नाही."

तिला जुन्या कागदांच्या खोलीत पाठवलं. खिडकी नसलेली तळघरातली खोली. निवृत्त होईपर्यंत आठ वर्षं ती तिथं फायलींवर क्रमांक घालत होती. नकाशा पुन्हा काढला नाही, कुणी काढायला दिलाही नाही. बसमध्ये खिडकीशी बसली, तर डोळे मिटून घ्यायची. मी एकदा मुद्दाम विचारलं, "आत्या, ही कसली वस्ती?" ती म्हणाली, "उतरून विचार त्यांना."

मागच्या वर्षी ती गेली, झोपेत, फार त्रास न होता. वसाहतीत कळवायचं की नाही, यावर घरात चर्चा झाली. बाबा म्हणाले, नको, जुनी जखम कशाला उकरायची! तरी मी कळवलं. तेराव्या दिवसानंतर गवंडी आणि धाकटी बसनं आमच्याकडं आले. तो आता पुरता थकला होता. त्यानं आत्याची खोली पाहायला मागितली. कलतं टेबल पाहिलं, त्यावरचा रिकामा चिमटा पाहिला. मग खिडकीतून समोरच्या इमारतींकडं बघत उभा राहिला. सात-सात मजले, एकावर एक सारख्या खिडक्या.

"इथं शेजारी कोण राहतं तुमच्या?" त्यानं मला विचारलं.

मी आठवून पाहिलं. डावीकडच्या दारावर पाटी होती, पण त्यावरचं आडनाव मला सांगता येईना. मी तसं सांगितलं. त्यानं नुसती मान हलवली, आणि धाकटीला म्हणाला, "चल, बस चुकेल."